सोळा पावलं आणि सतरावा ठोका

ती बातमी एकशे ऐंशी शब्दांची होती. सोबत एक फोटो होता. त्यात चौथीच्या वर्गातली मुलं अनवाणी उभी होती, प्रत्येकाचा एक पाय उचललेला, बाकं भिंतीला लावलेली. बातमी मी लिहिली होती आणि मथळाही मीच दिला होता: ‘पुस्तक न उघडता गणित, नाचता नाचता विज्ञान’.

त्या वेळी मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होते. ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये होतं, खालच्या मजल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. त्या दिवशी संध्याकाळी एक जाहिरात रद्द झाली आणि पानाचा उजवा कोपरा रिकामा राहिला. बातमी तिथं बसवली. मथळ्यातले पहिले तीन शब्द चुकीचे होते. त्या वर्गात पुस्तक रोज उघडलं जात होतं. नाच आठवड्यातून तीन दिवस, गणिताच्या तासाची पहिली वीस मिनिटं, त्यानंतर बाकं जागेवर आणि पुस्तक बाहेर. हे मी स्वतः पाहिलं होतं. पण ‘नाचही आणि पुस्तकही’ असा मथळा दोन ओळींत बसत नव्हता.

आणखी एक गोष्ट बातमीत नव्हती. त्या वर्गात माझी मुलगी शिकत होती.

शाळा डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. मराठी माध्यमाची, अनुदानित, दर वर्षी पट थोडा कमी होत चाललेली. बाई आंबिवलीहून यायच्या. वय तिशीच्या आतलं. शाळेत असल्यापासून त्या कल्याणला कथक शिकल्या होत्या, अकरा वर्षं, पण नाचाचा क्लास न काढता त्यांनी डी.एड. केलं होतं. शाळेत त्या शिक्षणसेवक होत्या. म्हणजे तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायचं. काम समाधानकारक असल्याचा शेरा मिळाला तर नोकरी कायम, नाही मिळाला तर संपली. बाईंचं तिसरं वर्ष जूनमध्ये पूर्ण होणार होतं. बातमी छापून आली तेव्हा जानेवारी संपत आला होता.

मी त्यांचा वर्ग एकदाच पाहिला होता, बातमीसाठी, पूर्ण एक तास. त्या दिवशीची वही अजून माझ्याकडे आहे.

बाईंनी ओढणी कमरेला बांधलेली. पायात घुंगरू नाहीत, कारण शेजारच्या वर्गाला त्रास होतो म्हणून मुख्याध्यापिकांनी मनाई केली होती. बाई टाळी देत होत्या. एका टाळीला एक पाऊल. मग त्याच टाळीच्या वेळात दोन पावलं, मग चार. टाळीचा वेग बदलत नव्हता, पावलं बारीक होत होती. बाईंनी विचारलं, आता एक पाऊल म्हणजे टाळीचा केवढा भाग? वर्ग म्हणाला, पाव. अशी दोन? अर्धा. मग त्यांनी पुस्तक उघडून पाव अधिक पावचं उदाहरण फळ्यावर मांडलं. मुलांनी ते वहीत उतरवायच्या आधी बसल्या जागी पायांनी करून पाहिलं.

नंतर परिसर अभ्यासाचा धडा. एक मुलगी मधे उभी राहिली, ती पृथ्वी. दुसरी तिच्याभोवती फिरू लागली, तोंड सतत पृथ्वीकडे, ती चंद्र. फेरी पूर्ण झाल्यावर बाईंनी वर्गाला विचारलं, चंद्र स्वतःभोवती फिरला का? सगळे म्हणाले, नाही. त्यांनी चंद्र झालेल्या मुलीला विचारलं, तुला समोर काय काय दिसलं? ती म्हणाली, आधी खिडकी, मग फळा, मग दार, मग कपाट. बाई म्हणाल्या, न फिरता चारही भिंती कशा दिसल्या? ती मुलगी कुणी न सांगता आणखी एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “फिरले मी. एकदा. कळलंच नाही.”

हे वाक्य बातमीत आलं होतं. ती मुलगी शाळेच्या एका विश्वस्तांची नात होती. तेही बातमीत नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं.

प्रत्येक खेळाचा शेवट मात्र एकच असायचा. कथकात सोळा मात्रांचा ताल असतो. सोळा संपल्या की पुन्हा पहिली येते, तिला सम म्हणतात, आणि नाचणारा तिथं पाय आपटून थांबतो. मुलं पहिला ठोका पहिल्या फरशीवर द्यायची, दुसरा दुसऱ्या फरशीवर, भिंत आली की वळायची, आणि सोळाव्या फरशीनंतर सतराव्या फरशीवर सम. “समेवर या,” बाई म्हणायच्या आणि एकतीस मुलांचे पाय एकदम पडायचे. मला तो भाग सर्वांत आवडला होता. चूक तिथंच होती. ती माझ्या लक्षात आली नाही आणि तेव्हा बाईंच्याही नाही.

फेब्रुवारीत घटक चाचणी झाली. एका प्रश्नात पट्टीचं चित्र होतं, तीनच्या रेघेपासून नऊच्या रेघेपर्यंत ठेवलेली पेन्सिल, लांबी किती? वर्गातल्या बावीस मुलांनी सात सेंटिमीटर लिहिलं. सोमवारी पेरलेलं बी पुढच्या सोमवारी उगवलं, किती दिवस लागले? आठ. सकाळी नऊला निघालेली बस दुपारी एकला पोचली, किती तास? पाच. ही चूक इतर वर्गांतही एखाद-दुसऱ्या मुलाची असते. इथं ती बहुतेक सगळ्या वर्गाची होती, आणि प्रत्येक वेळी बरोबर एकानं जास्त.

घरी मी मुलीला पट्टी देऊन पुन्हा मोजायला सांगितलं. ती टाचेनं ठोके देत मोजू लागली. तीनवर एक ठोका, चारवर एक, असं करत नऊवर शेवटचा, जोरात.

“सात,” ती म्हणाली.

“पेन्सिल सात सेंटिमीटर आहे?”

“ठोके सात आहेत,” ती म्हणाली आणि पट्टीकडे बघत राहिली.

ठोके खरोखरच सात होते. पेन्सिल सहा सेंटिमीटरची होती. मुलांनी समेचा ठोकाही मोजला होता, कारण तो कधी मोजायचा आणि कधी नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निकाल लागून आठवडा व्हायच्या आत शिक्षण विभागाकडे एक लेखी तक्रार गेली. अकरा पालकांच्या सह्या होत्या आणि पहिली सही त्या विश्वस्तांची होती. सोबत माझ्या बातमीचं कात्रण जोडलं होतं. मथळ्याच्या पहिल्या तीन शब्दांखाली लाल पेनची रेघ होती. वर्गात पुस्तक उघडलं जात नसल्याचं वर्तमानपत्रातच आलं आहे, असं अर्जात म्हटलं होतं. शेवटची मागणी स्पष्ट होती: या शिक्षिकेला सेवेत कायम करू नये.

विश्वस्तांना शाळेत सगळे काका म्हणत. घराणं गावातलं जुनं. वडील आणि आजोबा खाडीकडच्या मिठागरात राबलेले. शाळा उभी आहे ती जमीन या कुटुंबानं दिलेली, आणि उरलेल्या जमिनीवर आता दोन टॉवर आहेत. तरीही काका रोज नातीला पायी सोडायला यायचे, पांढरा शर्ट, हातात बारा महिने छत्री. तक्रारीनंतर दोन दिवसांनी ते फाटकाशी चार-पाच पालकांत उभे होते आणि मी मुलीला घेऊन तिथून जात होते.

“आमची पोरां हलदीला रातभर नाचतान,” ते पालकांना सांगत होते. “त्याला शाला कशाला पायजे?”

पालक हसले. काकांनी मला पाहिलं आणि छत्रीनं थांबायची खूण केली.

“ताई, पुस्तक उघडत नाय असा तुमीच लिवलाव ना? मंग मी काय खोटा बोललो?”

मी म्हटलं की मथळा चुकला आहे. पुस्तक उघडतात, मी पाहिलं आहे.

“मंग छापा तसा,” ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्याच दिवशी मी संपादकांकडे गेले. दोन ओळींचा खुलासा लिहूनच नेला होता. संपादकांनी तो वाचला आणि सांगितलं की खुलासा आपण कुणी आक्षेप घेतला तर छापतो. इथं आक्षेप शिक्षिकेवर आहे, आपल्यावर नाही. बातमीत आपण कुणाची बदनामी केलेली नाही, उलट कौतुकच केलं आहे. मी वाद घातला नाही. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो तिथं बरेच दिवस होता.

पुढच्या सोमवारी शाळेत पत्र आलं. शनिवारी शिक्षण विभागाचे एक अधिकारी येऊन चौथीच्या वर्गाची लेखी चाचणी घेतील आणि अहवाल देतील. पालकांपैकी दोघांनी हजर राहावं. तक्रारदारांतर्फे काका होते. दुसऱ्या नावासाठी मुख्याध्यापिकांनी मला फोन केला. बातमी तुमची, मुलगीही तुमचीच, तुम्हीच बसा, असं त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. चाचणी होईपर्यंत वर्गातली बाकं हलवायची नाहीत, अशी सूचना त्यांनी बाईंना दिली होती.

मंगळवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला वर्गात बोलावलं. टेबलावर घटक चाचणीचे पेपर होते. त्यांनी प्रत्येक चुकीशेजारी शिसपेन्सिलीनं छोटे ठिपके काढले होते, मुलानं दिलेल्या ठोक्यांइतके.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “लांबी विचारली तर ठोक्यांच्या मधल्या जागा मोजायच्या. ठोके नाही. मी दोन्ही एकच धरून चालले.”

नाचणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समेवर जुनं आवर्तन संपतं आणि त्याच ठोक्यावर नवं सुरू होतं. तो ठोका दोन्हीकडचा. त्यांच्या पायांना हे इतकं सवयीचं होतं की तोंडानं सांगायला हवं, हे सुचलं नव्हतं. आता काय करायचं तेही त्यांना ठाऊक होतं. तोच नाच दोनदा घ्यायचा. एकदा ठोके मोजायचे, एकदा मधली पावलं, आणि प्रत्येक गणिताला आधी विचारायचं की यातलं काय हवं आहे. त्याला निदान दहा तास लागले असते, आणि बाकं हललेली हवी होती. हातात तीन दिवस होते आणि बाकं हलणार नव्हती.

त्यांनी मला विचारलं, नुसत्या शब्दांत मुलांना कसं सांगू?

दुसऱ्याचा मजकूर कापून बसवणं हे माझं रोजचं काम होतं. मी म्हटलं, एका ओळीत सांगा. शेवटची सम मोजायची नाही.

बाईंनी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि पुन्हा वाचलं.

“हे नेहमी खरं नसतं, ताई.”

“शनिवारपुरतं खरं असलं तरी चालेल,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर आलं. माझ्या मुलीनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून भोवती लाल चौकट काढली. बाईंनी वर्गाला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला मुलीकडून कळली: हा नियम या पेपरपुरता आहे, खरं काय ते आपण नंतर नीट करू. गुरुवारी आणि शुक्रवारी मुलांनी त्या नियमानं पेन्सिली, बसगाड्या आणि सोमवार मोजले. सगळी उत्तरं बरोबर आली.

शनिवारी अधिकारी वेळेआधी दहा मिनिटं आले. पन्नाशीचे, बारीक चणीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी पाच-सहा वह्या मागून घेतल्या आणि चाळल्या. लाल चौकट असलेलं पान त्यांनी दोनदा पाहिलं. मग बाईंना बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगितलं. काका आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. बाक लहान मुलांचं होतं; काकांनी छत्री गुडघ्यांमध्ये धरली होती. मुख्याध्यापिका फळ्याशेजारी उभ्या राहिल्या. जागेवरून उठायचं नाही, पेनानं लिहायचं, खाडाखोड करायची नाही, असं अधिकाऱ्यांनी मुलांना सांगितलं आणि प्रश्न स्वतः फळ्यावर लिहायला घेतले.

पहिला पट्टीचा. दुसरा दिवसांचा. तिसरा तासांचा. चौथा अपूर्णांकांचा. मुलं पटापट लिहीत होती. काका हळू आवाजात म्हणाले, “पोरां बसलेत खरी.” अधिकारी पाचवा प्रश्न लिहीत होते.

सोळा मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या एका बाजूला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दर एक मीटरवर एक रोप लावायचं आहे. दोन्ही टोकांना रोप हवं. एकूण रोपं किती लागतील?

त्यांनी प्रश्नचिन्ह काढण्याआधीच माझ्या लक्षात आलं. इथं मधल्या जागा नको होत्या. इथं ठोके हवे होते, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे. त्यांनी वह्या पाहून हा प्रश्न मुद्दाम घातला होता, की तो आधीच ठरला होता, हे मला आजही माहीत नाही.

खिडकीच्या गजांपलीकडे बाई दिसत होत्या. फळा त्यांना वाचता येत होता. त्यांनी एक हात गजावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. खूण करता येण्यासारखी नव्हती, आणि त्यांनी ती केलीही नाही.

माझी मुलगी दोन बाकं पुढे, डाव्या हाताला होती. तिची टाच बाकाखाली हलली. हलकेच ठोके, मी ते मोजले नाहीत. मग टाच थांबली. तिनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि वहीतलं वाक्य तिनं आठवलं असणार. तिनं १६ लिहिलं आणि भोवती चौकट काढली. तिच्या शेजारणीनंही १६ लिहिलं. पुढच्या बाकावरही खांदे खाली झाले, पेनं टोपणात गेली. सगळीकडे तेच होत होतं आणि ते वाक्य माझं होतं.

काकांच्या नातीनं पेन खाली ठेवलं होतं. ती फरशीकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं हात वर केला.

“सर, चालून बघू?”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, खाली बस. अधिकाऱ्यांनी त्यांना हातानं थांबवलं आणि विचारलं, किती झालं लिहून? ती म्हणाली, शेवटचं राहिलंय. का राहिलंय, असं त्यांनी विचारलं.

“वहीतल्यासारखं केलं तर सोळा. पायाला सतरा येतंय.”

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, चाल.

तिनं बूट-मोजे काढून बाकाखाली ठेवले. बाकांच्या दोन रांगांमध्ये एक फरशी रुंद वाट होती, फळ्यापासून मागच्या दारापर्यंत. ती फळ्याशी गेली, पहिल्या फरशीवर पाय आपटला आणि मोठ्यानं एक म्हटलं. मग पुढची फरशी. बाराव्या फरशीला वर्ग संपला आणि दार आलं. दारात बाई येऊन उभ्या होत्या. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाई बाजूला झाल्या. तेरावा ठोका उंबऱ्यापलीकडे पडला. अधिकारी तिच्यामागून व्हरांड्यात गेले, आम्हीही उठलो. सतराव्या फरशीवर ती सम घेऊन थांबली.

“सतरा.”

“आणि रस्ता किती मीटर?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

तिनं मागं वळून आलेल्या वाटेकडे पाहिलं. बोट हवेत फिरवत मोजलं. “सोळा. मधले.”

“मग सोमवार ते सोमवार सातच का?”

“तिथं मधलेच पाहिजेत. रोपं टोकाला पण पाहिजेत ना.”

“पण शेवटची सम मोजायची नाही, असं तुमच्या वहीत लिहिलंय. बाईंनी शिकवलंय.”

मुलगी बाईंकडे बघून म्हणाली, “ते पेपरपुरतं आहे.”

अधिकारी बाईंकडे वळले. त्यांनी विचारलं, हा नियम तुमचा?

“माझा,” बाई म्हणाल्या.

मी म्हटलं की वाक्य मी दिलं होतं आणि वर्तमानपत्रातला मथळाही माझाच होता, दोन्ही चुकीचे आहेत. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. तुमचं म्हणणं नोंदवण्याची या कागदात जागा नाही, असं ते म्हणाले. ते कुचकट नव्हतं. खरोखरच जागा नव्हती. छापील नमुन्यात रकाने ठरलेले होते.

काका दाराला टेकून फरश्यांकडे बघत होते. छत्रीचं टोक एका फरशीच्या सांध्यावर ठेवून ते पुढच्या सांध्यावर नेत होते.

“सोला वाफे असतील मिठाचे, एका रांगेत,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले, “तं बांध सतरा लागतान. एक बांध कमी घातला तं सगला पानी जाते. माझ्या बापाला म्हाईत होता. तो शालेत नव्हता गेला.”

अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन वेळ संपल्याचं सांगितलं. काही मुलांनी पेनाची टोपणं पुन्हा उघडली होती. अधिकाऱ्यांनी ती बंद करायला लावली. उत्तरपत्रिका आहे तशाच जातील, असं ते म्हणाले. एकतीसपैकी तेवीस मुलांनी सोळा लिहिलं होतं. काकांच्या नातीच्या कागदावर पाचव्या प्रश्नापुढे काहीच नव्हतं. तिनं विचारलं, आता लिहू? ते नाही म्हणाले आणि कागद इतरांबरोबर गठ्ठ्यात ठेवला.

त्यानंतर दोन महिने काही कळलं नाही. बाकं हलवायची की नाही यावर लेखी आदेश नव्हता, म्हणून ती हलली नाहीत. बाईंनी पुस्तकातून शिकवलं. माझी मुलगी घरी येऊन सांगायची की आज काही झालं नाही. बाई भेटल्या की आम्ही परीक्षेचं वेळापत्रक, उन्हाळा, सुट्टी असं काहीतरी बोलत असू. नोकरीविषयी त्यांनी एकदाच विषय काढला. जूननंतर वय आणि भरतीच्या अटी पाहता दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि घरी ते अजून सांगितलेलं नाही, असं त्या म्हणाल्या.

अहवाल एप्रिलच्या शेवटी आला. तो मला मुख्याध्यापिकांनी दाखवला. पहिल्या चार प्रश्नांत प्रगती समाधानकारक. पाचव्या प्रश्नात बहुसंख्य विद्यार्थी चुकले, कारण नियम पाठ करून घेतला होता. प्रत्यक्ष कृतीत मात्र एका विद्यार्थिनीला संकल्पना स्पष्ट असल्याचं दिसलं. सेवेत कायम करण्याबाबत संस्थेनं निर्णय घ्यावा. शेरा चांगला नव्हता आणि वाईटही नव्हता. निर्णय विश्वस्तांवर, म्हणजे व्यवहारात काकांवर, सोडला होता.

विश्वस्तांच्या बैठकीला मी नव्हते. पुढचं मुख्याध्यापिका आणि बाई, दोघींनी वेगवेगळं सांगितलं आणि ते जुळलं. काकांनी बाईंना एकच प्रश्न विचारला: ही चूक पुन्हा होणार नाही याची खात्री काय? बाई म्हणाल्या, ही होणार नाही. दुसरी होऊ शकते. एक विश्वस्त म्हणाले, हे काय उत्तर झालं? काकांनी ठरावाचा कागद पुढे ओढला आणि सही केली. मग त्यांनी अट घातली. चौथीचा वर्ग बाईंकडून काढायचा आणि पहिलीचा द्यायचा.

“बुडापासून करू दे तिला,” ते म्हणाले. “वरून बांध घालत बसली तं खालून गलते.”

बाईंना ती शिक्षा वाटली की नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही. चौथीच्या वर्गासाठी त्यांनी तीन वर्षांत केलेल्या टिपणांच्या दोन वह्या होत्या. त्या त्यांनी नव्या शिक्षिकेला दिल्या. त्या वर्गातली बाकं आता हलत नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी मुलीला घ्यायला गेले होते. ती आता त्याच इमारतीत पाचवीला होती. पहिलीचा वर्ग तळमजल्यावर, दार उघडं. काका दाराबाहेर उभे होते, छत्री हातात. नात अजून सुटली नव्हती, म्हणून थांबलोय, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता.

आत बाकं भिंतीला लावलेली होती. फरश्यांवर खडूनं आकडे होते: एक, दोन, तीन, चार, पाच. एकच्या आधीच्या फरशीवर एक मोठं शून्य होतं. मुलं त्यावर येऊन उभी राहत, आणि मग पहिलं पाऊल एकवर टाकत. एका मुलानं शून्यावरच जोरात पाय आपटला.

त्याच्यामागची मुलगी म्हणाली, “तिथं नाही आपटायचं. तिथून निघायचं फक्त.”

“का?” त्यानं विचारलं.

तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याला शून्यापासून पाचपर्यंत एकदा चालायला लावलं, आणि किती पावलं टाकलीस ते सांग, म्हणाल्या. तो चालला, परत आला, पुन्हा चालला. पाच, तो म्हणाला. मग किती फरश्यांवर उभा राहिलास? तो तिसऱ्यांदा निघाला.

वर्ग सुटल्यावर मी बाईंना विचारलं की यावर काही लिहू का. दोन ओळींचा खुलासाही त्यातच करता येईल, असं मी म्हटलं.

“नको, ताई,” त्या फरशीवरचा खडू पायानं पुसत म्हणाल्या. “अजून पाचपर्यंतच पोचलोय.”